पूर्वेकडची काच

लख्खकाका आमच्या सात मजली कचेरीच्या काचा बाहेरून पुसायचे, दोरावर लटकून. त्यांचं खरं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. त्यांचा हात फिरला की काच लख्ख, म्हणून लख्खकाका. काकू गेलेल्या, मुलगी सासरी दूर, घरी बोलायला भिंती. त्यामुळे खाली उतरले की माझ्या स्वागतकक्षापुढे उगाच रेंगाळायचे. मी म्हणायची, "काका, काच आहे की नाही तेच कळत नाही हो!" एवढ्यावर स्वारी खूश.

एकदा झाडूवाल्या मावशी रजेवर होत्या. काका पूर्वेच्या भिंतीपाशी गेले, तर खाली पाखरं मरून पडलेली. मावशी परतल्यावर त्यांनी विचारलं.

"रोजचंच आहे," मावशी म्हणाल्या. "समोरची झाडं काचेत दिसतात, त्यात शिरायला जातात बिचारी. मी सकाळीच झाडून टाकते. तुम्ही काच पुसलीत की जास्त पडतात. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार?"

त्या दिवशी काका माझ्यापुढे थांबले नाहीत.

पुढच्या वेळी पूर्वेच्या काचेवर त्यांनी साबणाच्या रेघा तशाच वाळू दिल्या. साहेबांनी बोलावलं.

"काका, वय झालं का? काच बघा काय झालीय!"

"रेघा दिसल्या की पाखरं वळतात, साहेब."

"मग ही इमारत आपण पाखरांसाठी बांधली का?"

सगळे फिदीफिदी हसले. मला असा संताप आला! पण नोकरी म्हटली की संतापही गिळावा लागतो. साहेबांनी निकाल दिला: काच पुसा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. काकांनी वाद घातला नाही. बाकीच्या तिन्ही बाजू झकास पुसल्या, दोर गुंडाळून ठेवला आणि गेले. निरोप द्यायला कुणी खाली आलं नाही. पूर्वेची काच आता दुसराच माणूस पुसतो.

काका मात्र रोज सकाळी येतात. बुटांच्या खोक्यात फडकं अंथरून पूर्वेच्या भिंतीखाली बसतात. पडलेलं पाखरू उचलून खोक्यात ठेवतात, अंधारात शांत राहावं म्हणून वर झाकण. झाकण उघडलं की काही सावरून उडून जातात. बरीच जात नाहीत.

काल न राहवून मी गेले. "काका, तुमच्या हातून नकळत घडलं. किती दिवस जिवाला लावून घेणार?"

"नकळत कसलं? दोरावर लटकलं की खाली बघायचं नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी ती जन्मभर पाळली."

फार एकटे दिसत होते. मी म्हटलं, "थोडा वेळ बसू का तुमच्याजवळ? गप्पा मारू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बसायला जागाही करू लागले, आणि मध्येच थांबले.

"नको, पोरी. बोलत बसलो तर पडल्याचा आवाज ऐकू येत नाही."