बारवेवरची लाल फुली

माझ्या सासरच्या गावात पाण्याची पारख तुरीच्या डाळीवर व्हायची. डाळ लोण्यासारखी शिजली की पाणी चांगलं. बारवेचं पाणी त्या हिशोबानं एक नंबर. वेशीबाहेरच्या आडाचं पाणी मचूळ, त्यात दुपारपर्यंत जाळ घातला तरी डाळ टणक ती टणकच. म्हणून सारं गाव पायऱ्या उतरून बारवेत गुडघाभर शिरायचं आणि घागरी भरायचं. कुणाच्या पिंढरीतून नारूचा दोऱ्यासारखा लांब किडा निघाला तर म्हणायचे, भोग हाय ज्याचा त्याचा.

निजामाचं राज्य होतं. एकदा सरकारचा माणूस पाणी तपासायला आला. त्यानं बारवेच्या कमानीवर गेरूची लाल फुली मारली आणि आडाच्या कठड्यावर चुन्याचा पांढरा गोल काढला. "बारव का पानी मत पियो, आड का अच्छा है." का, म्हणून इचारलं तर म्हणाला, "हुकूम है." आणि घोड्यावर बसून गेला. पाण्यातून नारू पोटात जातो, फडक्यानं गाळून प्या, एवढं सांगायला मेल्याची जीभ झिजणार होती का? त्याचा राग मला अजून येतो.

आम्ही बाया हसलो. ज्यात डाळ शिजत न्हाय ते म्हणे चांगलं! हसली नाही ती फक्त माझी धाकटी नणंद. "वहिनी, एवढ्या लांबून आलेला माणूस उगंच फुली मारंल का?" असं म्हणून ती एकटी आडाचं पाणी आणून प्यायला लागली. तोंड वाकडं करायची, पण प्यायची.

दोन महिन्यांनी तिला बघायला पाहुणे येणार होते. सासूबाई म्हणाल्या, "ती फुली बघून म्हणतील, नारूचं गाव हाय. पोर कोण करंल मग?" त्यांनी सांगितलं हे खरं, पण काथ्या आणि राख घेऊन फुली घासली मी, आणि लई हौसेनं घासली. पाहुणे वरण-पोळी जेवले, सोयरीक जमली. त्याच संध्याकाळी मी बारवेच्या पाण्याचा तांब्या नणंदेपुढं धरला. "आता कुठं हाय गं तुझी फुली? सासरी असली थेरं चालायची न्हाईत." ती माझ्याकडं बघून प्याली. मग लग्न होईपर्यंत तेच पीत राहिली.

वर्षभरानं सासरी तिच्या पायातून नारू निघाला. ओढताना आत तुटला, पाय सुजला, चिघळला आणि गुडघा कायमचा आखडला. तिच्या सासऱ्यानं तिला गाडीत घालून आणलं आणि आमच्या दारात उतरवलं. "नारूच्या गावची पोर गळ्यात मारली," म्हणाला. खोटं कुठं होतं त्यात?

ती आमच्याकडंच राहिली. आल्या-गेल्याला सांगायची, नवऱ्यानं टाकलं पण वहिनीनं टाकलं नाही. ते ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. म्हातारपणी एकदा तिच्या गुडघ्याला तेल चोळताना मला राहवलं नाही. म्हटलं, "हे माझ्यामुळं झालं गं. मीच पाजलं तुला."

"मला ते पाणी वाईट हाय हे ठाऊक होतं की," ती म्हणाली. "पण तुम्ही हातानं तांब्या पुढं केला होता, वहिनी. न्हाय कसं म्हणायचं?"