साडेतीन पानांचं डायलिसिस

मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास, एकच खोली, तीच माणसं! किस्से साठणार नाहीत तर काय? माझा थोरला भाऊ डायलिसिसवर आहे. वाटूरहून त्याला जालन्याला मीच नेतो आणि घरी आलो की सगळं वहीत उतरवून ठेवतो. त्यातले हे थोडे.

*

मशीन चालू असताना मी दादाला एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवायचो. राजा, जादूगार, उडणारे घोडे! दोन महिन्यांत संपली.

दादा म्हणाला, "पळत पळत वाचलीस. परत वाच. अन् दुसऱ्यांदा संपली की मी इथं यायचं बंद करणार. बस झाल्या सुया."

वहिनी रडली. डॉक्टरांनी समजावलं. दादा बधला नाही.

मग माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. हळू वाचायला लागलो.

*

हळू वाचलं की काय काय दिसतं! पहिल्या प्रकरणात एक नावाडीण आहे. नदीपार जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, "परत कधी?" राजाला मात्र विचारत नाही. पहिल्या वेळी आम्ही तिला ओलांडून गेलो होतो.

दादा उठूनच बसायला लागला. "अरे, तिला माहीत होतं! हा वापस येणार न्हाई, हे तिला बराबर माहीत होतं!"

त्या दिवशी एकच पान झालं. मी खूश.

*

काही महिन्यांनी शेजारच्या बेडवर केदारखेड्याचे एक निवृत्त मास्तर आले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. तेही ऐकायला लागले. एकदा नव्या डॉक्टरनं त्यांना विचारलं, "काका, मशीनवर किती वेळ झाला?"

"साडेतीन पानं."

डॉक्टर दचकला. "आज वार कोणता?"

"शुक्रवार. अन् लढाई अजून सुरूच हाये!"

*

शेवट जवळ यायला लागला तशा सिस्टरही मला सामील झाल्या. पुस्तकातली खूण हळूच दहा पानं मागं सरकवायच्या.

एकदा डोळे मिटूनच दादा म्हणाला, "हा घोडा मंगळवारी मेला होता. आज परत कसा मेला?"

"हा दुसरा आहे, दादा."

सर म्हणाले, "भाऊ, लढाईत घोडे लई मरतेत!"

दादा ठसका लागेपर्यंत हसला. मग हळू आवाजात मला म्हणाला, "किती दिवस घोडे मारशील?"

*

कादंबरी दीड वर्ष पुरली. मागच्या शुक्रवारी सात पानं उरली होती. मी म्हणालो, "घसा दुखतोय."

"आण इकडं."

एका हाताला सुया, म्हणून दुसऱ्या हातात पुस्तक धरून दादा स्वतः मोठ्यानं वाचायला लागला. प्रत्येक वाक्याला थांबत. पानं मी उलटत होतो. सातही पानं झाली.

त्यानं पुस्तक मिटून सरांच्या पांघरुणावर ठेवलं. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यावर ठेवला.

"सर, सुरुवातीची नावाडीण तुम्ही ऐकलीच न्हाई. पहिल्यापासून वाचा. चष्मा पण राहू द्या तुमच्याकडंच."