प्रमिलाबाई स्वतःच्या दारात

दहिवर वाळेपर्यंत कापसाला हात लावायचा नाही, हा प्रमिलाबाईंचा नेम. ओला वेचला की गाठोड्यात पिवळा पडतो, मेहनत वाया. म्हणून सेलूकडच्या त्या शेताच्या धुऱ्यावर सात-आठ बाया उन्हाची वाट पाहत बसत. समोर धुकं कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो, कळत नसे. शेत जमिनीपासून वीतभर वर उचलल्यासारखं वाटे, आणि प्रमिलाबाई त्याच्यासोबत बावीस वर्षं मागे तरंगत जात.

तिथं नाला होता. रेतीत दारूसाठी आंबवलेल्या मोहाच्या सडव्याचे ड्रम पुरलेले. जिल्ह्यात दारूबंदी होती, पण ती रेतीच्या वर. प्रमिलाबाईंच्या महिला मंडळाच्या बाया काठीनं रेती टोचत चालत. ठक् वाजलं की खोदत. भरला ड्रम चौघींना हलत नाही, पाच लागतात. सडवा सांडल्यावरही प्रमिलाबाई थांबत नसत. लोखंडी सब्बलीनं ड्रमच्या बुडाला भोक पाडत. "नुसता उलटवला तं आठ दिवसांत पुन्हा भरते," त्या म्हणत. "अर्धं काम कराचं असन तं घरी बसा."

ज्या घरात बाईवर हात उठे, त्या दारात मंडळाच्या बाया जात. नवऱ्याला नावानं बाहेर बोलावून आळीसमोर जाब विचारत. हळूहळू ड्रम संपले, तक्रारीही थांबल्या. दारू गेली म्हणजे मार गेला, असं गावानं धरलं. प्रमिलाबाईंनी सर्वांत घट्ट धरलं. त्यांचा मुलगा गजेंद्र कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होता. त्यानं दारूला कधी तोंड लावलं नाही, हे त्या प्रत्येक सभेत सांगत.

यंदाच्या वेचणीत एका सकाळी त्या वर्ध्याहून, बायांच्या चार दिवसांच्या शिबिरातून, एसटीतून उतरून थेट शेतात आल्या. ऊन तापलं. बाया ओळीत शिरल्या. शेजारच्या ओळीत सून मयुरी. तिचे दोन्ही हात पाखरासारखे चालायचे. आज तिच्या कमरेची ओटी भरेना. डावा हात पदराखाली होता.

"काऊन वं, एका हातानं येचून राह्यली?"

"झोपेत दबला, आई."

"पाहू दे."

मनगट सुजलेलं. कोपरापर्यंत बोटांचे वळ.

"गजेंद्रनं? पिऊन आलता?"

मयुरी हसली. "ते कुठं पेतात? पुऱ्या शुद्धीत मारतात. तुमी सभेले गेल्या का, घड्याळ पाहून."

प्रमिलाबाईंच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. "घरातलं घरात समजावतो मी त्याले."

पलीकडून तानाबाईनं मान वर केली. मंडळात दोघी पहिल्या दिवसापासून सोबत. "वा वं वा! नत्थूजीच्या दारात गेलतो, थ्याच्या मायनंबी हेच म्हटलंतं. तवा तूच तिले म्हने, 'बुढे, बाजूले सरक.'"

प्रमिलाबाई ओळीतच खाली बसल्या. उभा कापूस डोक्याच्या वर गेला. त्या पांढऱ्यात एकेक दार उघडू लागलं, गावातली सगळी. प्रत्येक दारात नवरा पुढे, आणि त्याच्या मागे उंबऱ्याच्या आत एक म्हातारी. तेव्हा तिच्याकडे कोणी नीट पाहिलं नव्हतं. आता ती दिसत होती. चौकट धरलेली, मुकी. प्रत्येक म्हातारीला प्रमिलाबाईंचंच तोंड होतं.

बराच वेळ गेला असावा. मयुरी समोर पाण्याचा गडवा घेऊन उभी होती.

"तू सांग," प्रमिलाबाई म्हणाल्या. "समजावू, का दारात जाऊ?"

"दारात. पण तिथंच थांबू नोका. मले सेलूच्या ठाण्यात जाऊन लिहून द्याचं हाय."

दुपारी गजेंद्र कामावरून घरात शिरला, तशा अंगणाबाहेर नऊ बाया जमल्या. प्रमिलाबाईंनीच हाक मारली, पूर्ण नावानं. तो टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला.

"माय, तू तिकडं काऊन उभी? लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. सुनेले काऊन मारलं?"

"म्या थेंब घेतला नाई कधी!"

"माहीत हाय. थ्याच्याच भरवशावर राह्यलो मी."

गजेंद्र हसला. "मोर्चा आणून काय होते? घंटाभरात जासान सगळ्या घरी."

ते खरं होतं. दारात घंटाभर उभं राहता येतं; आत रोज राहावं लागतं. प्रमिलाबाईंनी तानाबाईकडे पाहिलं. तानाबाईनं मयुरीच्या कपड्यांची पिशवी आधीच काखेत मारली होती. "माह्या घरी राहीन ते. चाल, ऑटो उभा हाय."

सेलूपर्यंत दोन्हीकडे कापूस वाहत होता. मयुरी खांद्यावर डोकं टेकून झोपली. प्रमिलाबाईंचा खांदा अवघडला, पण त्यांनी तो हलवला नाही.

ठाण्यात हवालदारानं मयुरीचं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "सोबत कोण? तुम्ही हिच्या आई?"

"मारणाऱ्याची माय," प्रमिलाबाई म्हणाल्या.

पेन थांबलं.

"लिवा ना," त्या म्हणाल्या. "साक्षीदारात पैलं नाव माहं लिवा."