गुडघे दुखतात? या ना वर!

गुडघ्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट वर्षभर बंद होती. यावर वेगळा विनोद करायची काही गरजच नव्हती. तरी केसपेपरच्या खिडकीतल्या ताईंनी तो केला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

ताई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांच्या खिडकीपुढे उभं राहावं लागे. नाव, वय, तक्रार विचारायची, लिहायची, शिक्का मारायचा आणि कुठे जायचं ते सांगायचं. भिंतीला धरून, लेकीच्या खांद्यावर रेलून कसाबसा खिडकीपर्यंत पोचलेल्या माणसाला "तिसरा मजला, जिन्याने" हे सांगायचं काम त्यांचं होतं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. ज्यांच्यामुळे ते सांगावं लागत होतं त्यांच्या खोल्या तळमजल्यावर. लोकांचे चेहरे पडायचे ते मात्र ताईंसमोर.

घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांनी आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त केले होते. माणूस तोलूनमापून बोलणारा, आणि हसण्याच्या बाबतीत तर कंजूषच. भावाने कॉलेजात असताना हौसेने घेतलेली गिटार चार महिन्यांत कपाटावर गेली होती. ताईंनी ती खाली काढली आणि जी, सी आणि डी अशा तीन कॉर्डवर वीस वर्षं भागवलं. सुरात गाणारे पुष्कळ असतात, ताईंना गाण्यातून हसवायचं होतं. गाणी तरी कशावर? पासपोर्टच्या फोटोवर, बाहेरूनच "मी आत येऊ का?" विचारत थेट स्वयंपाकघरात शिरणाऱ्या शेजारणीवर, ऑफिसातल्या एकुलत्या एक कात्रीवर. हसवणारा शब्द ओळीच्या अगदी शेवटी यायला हवा, त्याच्या आधी तळहाताने तारा दाबून क्षणभर सगळं गप्प करायचं, आणि हशा येईल तिथे दोन ठोके रिकामे सोडायचे, हे त्या कुणाकडे शिकल्या नव्हत्या. चुकत चुकत कळलं होतं.

मग वडिलांचेच गुडघे गेले.

त्या दिवशी ताईंनी खिडकी शेजारच्या टेबलावरच्या बाईंवर सोपवली आणि बाबांना घेऊन जिना चढल्या. सहासष्ट पायऱ्या. चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा कठड्याला टेकले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. म्हणाले, "इथे एक खुर्ची ठेवायला काय जातं गं यांचं?"

"मी विचारलंय, बाबा. तीनदा अर्ज दिलाय."

"मग?"

"जिन्यात खुर्ची ठेवली तर अडथळा होतो म्हणाले."

बाबा कठडा धरून पुन्हा चढू लागले. वर पोचले तेव्हा डॉक्टर जेवायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, ताईंनी गाणं लिहून काढलं.

*गुडघे दुखतात? या ना वर!*
*सहासष्ट पायऱ्यांवर डॉक्टरांचं घर.*
*चढून आलात? मग ठणठणीत आहात!*
*नाही आलात? भेटू पुढच्या तारखेवर!*

कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी ते म्हटलं. तारा दाबल्या, थांबल्या, आणि 'पुढच्या तारखेवर'ला सभागृह असं फुटलं की ठेवलेले दोन ठोके पुरेनात. नर्स डोळे पुसत होत्या. वॉर्डबॉय बाकं बडवत होते. आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते ते पहिल्या रांगेतले अधीक्षक. ज्यांच्या टेबलावर लिफ्टच्या दुरुस्तीची फाइल पडून होती, तेच. कार्यक्रमानंतर ते स्वतःहून ताईंकडे आले.

"बाई, कमाल आहात तुम्ही! काय टोपी उडवलीत आमची! या गाण्याचं काहीतरी करायला हवं."

ताईंना वाटलं, लिफ्टचं काहीतरी करणार. घरी जाऊन बाबांना तसं सांगितलंसुद्धा.

दीड महिन्यानंतरच्या एका सोमवारी खिडकीसमोरच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही लागला. दहा वाजता तो सुरू झाला आणि ताईंच्या हातातला शिक्का तसाच राहिला. चाल त्यांची. पहिली ओळ त्यांची. गळा कुणा भाडोत्री गायिकेचा, मधाळ, आणि मागे बासरी.

*गुडघे दुखतात? या ना वर!*
*आमचं रुग्णालय, तुमचंच घर.*
*हसत या हो, हसत जा हो,*
*विश्वास ठेवा आमच्यावर!*

पडद्यावर एक आजोबा हसत हसत जिना चढत होते. चढत कसले, उड्या मारत होते. शेवटी अक्षरं आली: संकल्पना – मा. अधीक्षक.

दर बारा मिनिटांनी ते लागायचं. फोन केला आणि थांबावं लागलं तर फोनवरही तेच. ताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण खिडकी सोडून जाणार कुठे? रांगेतली मुलं ते गुणगुणायची. औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्या कापताना ते शीळ घालून वाजवायचा. जे गाणं लिहिताना त्यांना रडू आवरत नव्हतं, ते आता साबणाच्या जाहिरातीसारखं सगळीकडे फेसाळत होतं.

गुरुवारी एक म्हातारी वरून उतरून पुन्हा खिडकीशी आली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने नातीचा दंड धरून उतरली होती, धाप अजून बसली नव्हती. तिने नातीच्या हातातली काठी घेऊन टीव्हीकडे दाखवलं.

"हे गाणं कुणी लिहिलंय हो, ताई?"

ताईंनी शिक्का खाली ठेवला. "का हो, आजी?"

"लिहिणाऱ्याला एकदा माझे गुडघे लावून वर पाठवा, म्हणून. जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी माणसाने. आमच्या दुखण्यावर नाचतायत मेले."

'मी नाही' म्हणावं तर ते खोटं, आणि 'मी' म्हणावं तर त्याहून खोटं. ताईंनी कागद पुढे सरकवला, खिडकीवर 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावली आणि तडक अधीक्षकांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, ते गाणं बंद करा."

"का? लोकांना किती आवडलंय! आतापर्यंत एकही तक्रार नाही."

"तक्रार मी करतेय. गाणं माझं आहे."

"अहो, आपल्या कार्यक्रमात, आपल्या स्टेजवर म्हटलंत तुम्ही. म्हणजे आपल्या सगळ्यांचंच झालं. आणि शब्द तर बदललेत आम्ही!"

"तेच तर! मी लिहिलं होतं की लोकांचे हाल होतायत. तुम्ही त्याचं करून ठेवलंत की लोक मजेत आहेत. लाज..." जीभ चावून त्या थांबल्या. "साहेब, माझ्या वडिलांना चाळीस मिनिटं लागली चढायला."

अधीक्षक हसले. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, हीच पंचाईत होती. अगदी मनापासून, घरच्यासारखं हसायचे. समोरच्याचा राग त्या हसण्यात विरघळून जायचा आणि माणूस चहा पिऊन बाहेर पडायचा. "बाई, विनोदी गाणी लिहिणारीने इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. बसा. चहा घ्या."

ताई बसल्या नाहीत.

घरी बाबांना हे सगळं सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. बाबा पाय स्टुलावर ठेवून ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "रागावू नकोस. पण तुझं मूळ गाणंही मला खटकलं होतं."

"तुम्हाला?"

"कुणापुढे म्हटलंस तू ते? जे एक पायरी चढत नाहीत त्यांच्यापुढे. ते हसले, मोकळे झाले, घरी गेले. चढणाऱ्यांनी कुठे ऐकलं तुझं गाणं?"

ताईंना ते झोंबलं. दोन दिवस त्या बाबांशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गिटार खांद्याला लावून कामावर गेल्या.

दीड ते दोन ही त्यांची जेवणाची सुट्टी. डबा तसाच ठेवून त्या चव्वेचाळीस पायऱ्या चढल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे सगळेच थांबतात तिथे, जमिनीवर बसल्या. सात-आठ माणसं पायऱ्यांवर श्वास घेत होती. ताईंनी कुणाची परवानगी घेतली नाही, प्रस्तावना केली नाही. सरळ सुरू केलं, आपल्या मूळ शब्दांनी.

पहिल्यांदा कुणी हसलं नाही. लोक संशयाने बघत राहिले, पुन्हा तीच जाहिरात म्हणून. 'पुढच्या तारखेवर'ला मात्र हातात एक्स-रेचं पाकीट धरलेल्या एका रंगाऱ्याच्या तोंडून फुस्सकन हसू निघालं. "अहो, खरंच पुढची तारीख दिलीय मला! तिसरी!" मग सगळे हसले. सभागृहातल्या हशासारखा तो नव्हता. त्यात दात होते.

ताई रोज जाऊ लागल्या. लोक आपली कडवी घालू लागले. काठीवाली म्हातारी पुन्हा आली तेव्हा तिने गिटार गप्प करायला लावली आणि ठसक्यात म्हटलं,

*पहिल्या मजल्यावर आठवली आई,*
*दुसऱ्यावर आठवली आईची आई,*
*तिसऱ्यावर गेले तर दोघी भेटतील,*
*म्हणून मी काही वर येत नाही!*

हशा तळमजल्यापर्यंत गेला. कुणीतरी मोबाइलवर टिपलं, आणि दोन दिवसांत ते शहरभर फिरलं. सुरक्षारक्षकाला हुकूम सुटला, बाईंना खाली आणा. तो पहिल्या मजल्यापर्यंत आला आणि तिथूनच ओरडला, "ताई, मला वर येऊन तुम्हाला थांबवायला सांगितलंय! मी सावकाश चढतोय!" दोनच्या ठोक्याला तो वळणावर पोचला. गाणं संपलं होतं.

शेवटी शुक्रवारी अधीक्षक स्वतः निघाले. तरातरा चढले, पहिला मजला, मग दीड, आणि वळणावर आले तेव्हा चेहरा लालबुंद, एक हात कमरेवर. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नुसती धाप. पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसं बसली होती. कुणीही हसलं नाही. म्हातारी थोडी सरकली आणि पायरीवर हात ठेवून म्हणाली, "बसा, साहेब. सगळ्यांचं होतं असं."

ताईंच्या ओठांवर एक झकास ओळ आली होती. त्यांनी ती गिळली. तारांवर हात ठेवून शांत बसल्या. अधीक्षक बसले नाहीत, पण बोललेही नाहीत. एकेक करून माणसं पायऱ्या चढून त्यांच्या बाजूने वर गेली, आणि त्या प्रत्येकाला वाट द्यायला त्यांना भिंतीशी अंग चोरावं लागलं.

पुढच्या महिन्यात गुडघ्यांचा विभाग तळमजल्यावर आला, बैठकांच्या खोलीत. वर्षभर 'जागाच नाही' म्हणत होते, ती जागा एका शनिवारी टेबलं हलवून निघाली. फीत कापली गेली. फलकावर लिहिलं गेलं की हे अधीक्षकांच्या दूरदृष्टीमुळे शक्य झालं. टीव्हीवरचं गाणं मुकाट्याने गेलं. ताईंना ठपक्याचं पत्र मिळालं: कार्यालयीन शिस्तीचा भंग, आवारात वाद्यवादन. पाठोपाठ त्यांची खिडकी काढून त्यांना तळघरात, जुन्या केसपेपरांच्या खोलीत बसवलं. पत्राला त्यांनी एका पानाचं उत्तर दिलं. गाणं आपलं आहे, शब्द न विचारता बदलले, लेखी माफी हवी. माफी आली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या नवं पत्र देतात आणि पोच घेतात.

लिफ्ट दुरुस्त झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. औषधाच्या दुकानातला माणूस परवा म्हणाला, "ताई, आता सगळं चांगलं झालं की. अजून कशाला मनात ठेवता?"

ताईंनी हातातली यादी आणि कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. तळघरात बसून त्यांनी एक काम केलं होतं. लिफ्ट बंद आणि विभाग वरच असतानाच्या चौदा महिन्यांत गुडघ्यांच्या विभागाचा केसपेपर काढून वर न पोचलेल्या, अर्ध्यातूनच घरी परत गेलेल्या माणसांची नावं वेगळी काढली होती. चारशे अकरा.

"ही माणसं परत आलीच नाहीत," त्या म्हणाल्या. "यांना कुणी कळवलंय, की आता खाली या म्हणून?"

ताईंनी त्याच्याकडून एक पेन मागून घेतलं, काउंटरवरच पहिलं पोस्टकार्ड पुढे ओढलं आणि पत्ता लिहायला घेतला.