कुलपांच्या गल्लीचा नकाशा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कुंभकोणमच्या एका शाळेत मी भूगोल शिकवत होते आणि हौसेला मोल नसतं, म्हणून मुलींकडून एक नकाशा करवून घेत होते. आमच्या मागच्या गल्लीतून कोण कुठे गेलं, ते लाल दोऱ्यांनी दाखवायचं: मुंबई, भिलाई, दिल्ली. आमचे पूर्वज मराठी मुलखातून इकडे आले, त्यांचा दोरा पांढरा. माझ्या पर्समध्ये नागपूरच्या नोकरीचं पत्र होतं. आम्ही घरात दोघीच. मी गेले तर आईला न्यावं लागणार आणि आमच्याही घराला कुलूप. तिला सांगायचा धीर होत नव्हता.

मुलींना सोपी खूण दिली. पहाटे ज्या दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, तिथे माणसं आहेत. आमच्याकडे मयत झाली तरच दार कोरं राहतं.

मुली परत आल्या. "टीचर, सगळ्या दारांत कोलम आहे. कुणीच गेलेलं नाही."

मी खेकसले. निम्मी घरं बंद आहेत हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना स्वतःच गेले. गंजलेली कुलपं, आणि प्रत्येकाखाली सडा, ताजं कोलम. आतून आता कुणीतरी कडी काढेल असं वाटून मी दोन पावलं मागे सरले. गल्लीच्या टोकाला कुणीतरी वाकलं होतं. जवळ गेले तर आई! रोज नदीवर जाते म्हणून सांगायची.

"पावम गे, बापडीं तीं," ती म्हणाली, "जित्या माणसांचीं दारें कोरीं कशीं ठेवूं?"

आम्ही घरी आलो. तिनं दार ओढलं, कुलूप घातलं आणि रस्त्यात उभी राहून दाराकडे बघू लागली. खूप वेळ. मला तिची भीती वाटली.

"काय बघतेस?"

"कसें दिसेल तें. पत्र वाचलें मी. तूं जा. मला नेऊं नको. मी आलें तर एवढ्या दारांचें कोण बघेल?"

मी भांडले, रडले, शेवटी एकटीच गेले. पोटच्या पोरीपेक्षा तिला परक्यांची कुलपं जवळची वाटली, हा राग माझा अजून गेलेला नाही.