अध्यक्षांच्या बोटांवरची वस्ती

जगावर खरी सत्ता कोणाची, हे मला आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या ताईंनी दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी माझ्या कानामागून कापसाची काडी फिरवली, ती काचेच्या बशीतल्या खळीवर घासली आणि म्हणाल्या, "परवा या."

परवा गेलो, तर बशीत पिवळसर ठिपक्यांची वस्ती उठलेली.

"हे तुमचे," ताई म्हणाल्या. "काहून घाबरून राहिले, सर? चांगल्या घरचे आहेत."

मी इतिहास शिकवतो. साम्राज्यांचे उदयास्त तोंडपाठ होते. कानामागे एक नांदतं आहे याची मात्र कल्पना नव्हती.

ताई आमच्या या हिंदी मुलखातल्याच, रांझीच्या. वडील तिथल्या सरकारी फॅक्टरीत कारागीर होते, त्यामुळे सामान नाही म्हणून काम अडतं हे त्यांना मान्यच नव्हतं. जंतू वाढवण्याची खळ विकत आणायला कॉलेजकडे कधी पैसे नसत. मग ताई घरी बटाटे उकडत. त्या पाण्यात साखर आणि किराणा दुकानातलं चायना ग्रास घालून, कुकरमध्ये निर्जंतुक करून, बशांमध्ये ओतत. पाणी जंतूंना, बटाटे स्टाफरूमला. भाजीचा डबा दिसला की आम्ही ओळखायचो, मुलींचं प्रॅक्टिकल आहे.

"आधी त्यांचं जेवण, मग तुमचं," ताई वाढताना बजावत. ही शिस्त आम्हाला कोणत्याही लग्नात पाहायला मिळाली नाही.

एका वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं की सूक्ष्मजीवशास्त्र बंद करून प्रयोगशाळेचं सभागृह करावं. भाषणांना जागा अपुरी पडत होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी मधूनच विषय बदलावा, असंही ठरलं.

त्या दिवशी ताईंनी डबा उघडला नाही. "महाराजपूरहून दोन बस बदलून येतात पोरी," एवढंच म्हणाल्या. "घरचे दुसऱ्यांदा फीस नाही भरणार, सर. लग्न लावतील."

अध्यक्ष पाहणीला आले. बोटांत पुष्कराज, नीलम, पोवळ्याच्या अंगठ्या, मागे प्राचार्य. रिकाम्या बशा बघून अध्यक्ष म्हणाले, "मैडम, हमें तो इसमें कुछ दिखता नहीं।"

"दिखेगा, साहब। उंगलियाँ रखिए।"

प्राचार्य सॅनिटायझर घेऊन धावले. ताईंनी त्यांना नजरेनंच थांबवलं. अध्यक्षांनी अंगठ्यांसकट बोटं टेकवली. मग प्राचार्यांनी टेकवली, मीही टेकवली. ताईंनी झाकणं लावून नावं लिहिली.

तुम्ही अशी मोठी माणसं पाहिली असतील. मुलांच्या निकालाला ती येत नाहीत. स्वतःच्या निकालाला वेळेआधी येतात. अध्यक्ष तिसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाले.

प्राचार्यांच्या बशीत चार-दोन ठिपके होते. माझ्या बशीत मध्यमवर्गीय वस्ती. अध्यक्षांची बशी काठोकाठ भरलेली: पांढरे, पिवळे, एक तर चक्क नारिंगी, आणि अंगठ्यांच्या जागी गोल तटबंदी.

"सबसे ज़्यादा मेरे में?"

"जी साहब। पूरे कॉलेज में किसी की ऐसी ग्रोथ नहीं।"

अध्यक्षांनी प्राचार्यांच्या बशीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "यह विषय चलना चाहिए," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी हळूच विचारलं, "ताई, त्यांना अर्थ सांगायचा नाही का?"

"त्यांनी विचारला काय?" ताई बशा गोळा करत म्हणाल्या. "चलो, पोरींना बोलवा. इतकं छान सॅम्पल पुन्हा नाही भेटणार."

त्या मुली पास झाल्या. एक आता राइट टाउनमधल्या पॅथॉलॉजीत आहे आणि माझं रक्त घेताना ताईंसारखीच दटावते. ताई निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे गेल्या. मराठीत भांडायला स्टाफरूममध्ये आता कोणी नाही, आणि बटाट्याची भाजी कँटीनमधून येते.

निरोप समारंभात अध्यक्ष ताईंच्या निष्ठेवर फार सुंदर बोलले. फोटोग्राफरचं समाधान होईपर्यंत त्यांनी ताईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. पुढच्या रांगेत मुली रडत होत्या.

ताई मंचावरून उतरल्या, सरळ नळाकडे गेल्या आणि कोपरापर्यंत साबण लावला.