लिऊ डॉक्टरच्या शहरातली मोठी माणसं

लिऊ डॉक्टर धडधडीत खोटं बोलायचे.

आज सकाळी ते वारले. कलकत्त्याला, लेकीच्या घरी.
लेकीनेच फोन केला म्हणून मानलं. नाहीतर हेही मी खरं धरलं नसतं.

(मी बोलतेय, नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही. तिने मध्ये स्वतःचं काही घुसवलं तर मला कळायचं नाही, तेव्हा तिच्यावरही नजर ठेवा.)

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. भिवंडीत धामणकर नाक्यावर, खाली लूमचा खडखडाट आणि वर चिनी डॉक्टरचा दातांचा दवाखाना. मिश्री लावून लावून माझे वरचे सगळे दात हलायला लागलेले. म्हणून खारबावहून यायची.

नाव लिऊ. मी लिंबू म्हणायची. म्हटलं की तोंडही तसंच करायचे.

भिंतीवर चिनी कॅलेंडर. त्यांच्या वडिलांच्या शहरातून कोणीतरी पाठवलेलं. शहराचं नाव तिएनमेन. दर महिन्याला पान उलटायचं, की तिथला एकेक मोठा माणूस वर यायचा. कोणी जुना दाढीवाला, कोणी हल्लीचा कोटवाला. खाली चिनी अक्षरं.

आपण खुर्चीत आ करून बसायचं आणि डॉक्टर सुरू.

"ताई, ये हमारे शहर का है. बहुत पुराना आदमी. चाय के ऊपर पूरी किताब लिखा."

चहावर पुस्तक! पाणी, पत्ती, साखर, दूध. लिहायला उरतं काय?
तोंडात चिमटा होता म्हणून गप्प बसले.

पुढच्या खेपेला दुसरा चेहरा. हा कवी. त्यानंतरचा राजाचा प्रधान. एका बाईने तर म्हणे नदीच अडवलेली.

मला संशय आला तो वेगळ्याच गोष्टीवरून.

वाचता येणाऱ्या माणसाचा डोळा चित्र बघताना आधी खाली जातो, अक्षरांवर. मग वर चेहऱ्याकडे. पाटी वाचणाऱ्या लोकांचे डोळे बघून मी आयुष्यभर बस ओळखत आले, मला माहीत आहे.

लिऊ डॉक्टरचा डोळा खाली जायचाच नाही. चेहरा बघायचे. जरा थांबायचे. मग बोलायचे.

अगदी माझ्यासारखे.

एक दिवस मी उठून कॅलेंडरची मागची पानं उलटली.
"ह्यो कोन?"
"कवी है ताई. बहुत बड़ा."
"मागच्या टायमाला ह्याला प्रधान म्हनला व्हता."

डॉक्टरांनी आधी दार लोटलं.

"ताई, किसी को बोलना मत. मैं कलकत्ता में पैदा हुआ. चीनी बोलना आता है, पढ़ना नहीं आता."
"मंग ह्या सगल्या गोष्टी?"
"चायवाला सच्चा है. बाप ने बताया था. बाकी... मरीज डरता है, तो कुछ बोलना पड़ता है."

मी पोटभर हसले. वरचे सगळे दात त्यांनी तेव्हा काढून टाकलेले, कवळी व्हायची होती. कशी दिसले असेन, ते विचारू नका.

नंतरच्या महिन्यात पान उलटलं आणि वर आला एक युनिफॉर्मवाला. टोपी, पितळी बटणं, खांद्यावर झालर.

शेजारच्या गाळ्यातले मुनीम रोज पेपर वाचायचे, त्यामुळे त्यांना सगळं कळायचं. ते म्हणाले, हा लष्करातला, आणि आपला डॉक्टर हेर. नाक्याभर झालं. तशीही बासष्टच्या लढाईपासून चिनी माणसावर नजर असायची. पडघ्याच्या पुढे जायचं तरी डॉक्टर चौकीत सांगून जायचे.

हवालदार आले. मागे मुनीम.
मी खुर्चीत. तोंडात कवळीच्या मापाचं मेण.

"ये कौन है? नीचे क्या लिखा है, पढ़ो."

डॉक्टर पांढरे पडले. वाचता येत नाही म्हणावं, तर कोण मानणार? चिनी माणसाला चिनी येत नाही! लपवतोय म्हणतील. बनवून सांगावं, आणि उद्या कोणी खरा वाचणारा आणला तर? दवाखान्याला कुलूप, आणि यांना कुठे नेतील देव जाणे.

डॉक्टरांनी चेहऱ्याकडे बघितलं. थांबले.

ते थांबणं माझ्या ओळखीचं. आता हा घाबरलेला माणूस काहीतरी भलतंच मोठं बोलणार.

मी मेण तोंडातून काढलं.
"सायेब, बँडवाला हाय त्यो. लग्नात वाजवनारा."
"तुम्हाला काय माहीत, मावशी?"
"झालर बघा की खांद्यावर. तुमच्या डिरेसला हाय का असली झालर?"

हवालदारांनी खरंच आपल्या खांद्याकडे बघितलं.

मुनीम ओरडले, "अहो साहेब, ही बाई अडाणी आहे!"
"हाय ना अडानी. तुमी शिकल्याले, तुमी वाचा."

मुनीम वाकले. चष्मा वर केला, खाली केला. त्या अक्षरांपुढे अख्खी भिवंडी माझ्यासारखीच.

हवालदारांना हसू आवरेना. माझ्या बोळक्या तोंडातून 'बँडवाला'चं काय झालं होतं कोण जाणे. "कॅलेंडर उतारो और काम करो," म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

डॉक्टरांनी कॅलेंडर उतरवलं. स्टुलावर बसून त्या पानाकडे बघत राहिले. मग हळूच विचारतात,

"ताई... बैंडवाला ही है ना?"

मला विचारतात!

"हाय तर. लय मोठा बँडवाला. तुमच्या शहरातला."

मान हलवली. पटलं की नाही, मला आजही शंका आहे. पण पुढे कित्येक वर्षं, कलकत्त्याला जाईपर्यंत, चहावाल्याच्या पाठोपाठ ते पेशंटला बँडवाल्याची गोष्ट सांगायचे. कुठल्या राजाच्या लग्नात वाजवलं, तेसुद्धा.

तो खरा कोण होता, कळलं नाही. बँडवाला तर नक्की नसणार.

डॉक्टर, भावपूर्ण श्रद्धांजली म्हणतात ती घ्या.
तिकडे कोणी काही वाचायला सांगितलं, तर एकदम तोंड उघडू नका.

मी येईपर्यंत थांबा.